पहिला घास कोणी घ्यायचा

इंदू, तुला जाळून आलो आणि शकूनं कडू घास आणला. पिठलं आणि बाजरीची भाकरी. माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे आणतात आणि सगळ्यांनी एक घास तरी घशाखाली घालायचा असतो. सगळ्यांनी घातला. वैशालीनं रडत रडत घातला, जावयानं मान खाली घालून घातला. मी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, हात तोंडापाशी आला आणि तिथंच थांबला.

मी समोर बघितलं, तू बसायचीस त्या जागेकडं. कोणीतरी आधी खावं आणि मला ते दिसावं, असं वाटलं. अगं, सगळे खातच होते की माझ्यासमोर! तरी पुरेना.

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दुःखानं घास उतरत नाही. "राहू द्या काका," म्हणाले. मी घास मुठीत धरून उठलो आणि मोरीत टाकला. दुःख होतंच. पण हात दुःखानं थांबला नव्हता. भीतीनं थांबला होता. तुझ्याच भीतीनं. तू गेलीस आणि ती मागं राहिली.

वैशाली म्हणते, आईबद्दल चार ओळी लिहा, छापून पाहुण्यांत वाटू. तुझं माहेर कुठलं, तू किती कष्टाळू होतीस, ते तिचं ती लिहील. मी चौथी शिकलेला, जन्मभर टेम्पो चालवला, मला तसलं गोड लिहिता येत नाही. मला तुझ्याशीच बोलायचंय. दुसऱ्या कोणाला हे सांगायला गेलो तर ते माझ्याकडं तसंच बघतील, जसं तुझ्याकडं बघायचे.

तुझे कान कमी झाले तिथनं हे सुरू झालं, असं मी धरून चाललो होतो. पॅकहाऊसच्या थंड खोलीतले ते मोठाले पंखे. त्यांच्या घरघरीत वर्षानुवर्षं उभी राहून तू द्राक्षं निवडलीस. घरी आलीस तरी ओरडूनच बोलायचीस. नंतर काम सुटलं आणि तू दिवसभर घरात. बाहेर ओट्यावर बायका बसायच्या, त्यांची तोंडं हललेली दिसायची, हसू दिसायचं, शब्द काही पोचायचा नाही. तू आत येऊन म्हणायचीस, "माझंच चाललंय त्यांचं."

"तुला काय ऐकू आलं?"

"ऐकू कशाला यायला पाहिजे? दिसतं ना."

कानाचं मशीन आणलं तर म्हणालीस, कानात किडा वळवळतो. ठेवून दिलंस कपाटात. मग ओट्यावरच्या सगळ्या बायका तुझ्या संशयातनं सुटल्या आणि एक शकू उरली. भिंतीला भिंत, वरची पाण्याची टाकी दोघींची एक. तुला पाण्याला वास यायला लागला. तू टाकीचं झाकण तारेनं बांधून घेतलंस. मग मी रोज गच्चीवर जाऊन तार बघून यायचो आणि खाली येऊन सांगायचो, "जशी होती तशीच हाये." तेवढं ऐकल्यावर तू तांब्या तोंडाला लावायचीस. तुला दोन जिने चढायला धाप लागायची, नाहीतर तूच गेली असतीस.

किती भांडलो आपण. मी म्हणायचो, "शकू तुला कशाला मारेल? तुझं काय नेऊन खाणारे ती? वैशालीच्या बाळंतपणात आपल्या घरात कोण राबलं?" तू ऐकून घ्यायचीस आणि शेवटी एकच बोलायचीस.

"तेव्हापण तुम्ही असंच म्हणाला होता."

 आणि तेव्हा तू खरी निघाली होतीस. पॅकहाऊसच्या बाया तुला बघून गप्प होतात, मुकादम काहीतरी शिजवतोय, असं तू एक अख्खा हंगाम सांगत होतीस. मी हसलो होतो. पुढच्या हंगामाला ओझरच्या फाट्यावर पॅकहाऊसची गाडी आली, सगळ्यांची नावं घेतली, तुझं घेतलं नाही. इंदूच्या पेटीत नासके मणी राहतात, असं सगळ्यांनी मिळून साहेबाला सांगितलं होतं. तुझ्या जागी मुकादमाची मेहुणी उभी होती. हे तुझ्या डोक्यातलं नव्हतं. हे झालं होतं. ज्याचा संशय एकदा खरा ठरला, त्याला दुसऱ्यांदा कोणत्या तोंडानं खोटं म्हणायचं? हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. तू असतीस तर आजही मी हरलो असतो.

शकूचा डबा यायचा थांबला नाही. कधी थालीपीठ, कधी वालाची उसळ. तू हात लावायची नाहीस. मग मी आधी घास घ्यायचो, चावायचो, गिळायचो, आणि तू माझ्या तोंडाकडं बघत बसायचीस. थोडा वेळ गेला, मी जिवंत दिसलो, की मग तू खायचीस. पुढंपुढं तर आपल्या घरच्या भातालाही तसंच. राजाच्या आधी नोकर चाखून बघतो, तसला राजाचा मान मी तुला दिला, असं मी म्हटलं तर तू हसायची नाहीस. म्हणायचीस, "गप गिळा."

आणि तरी डबा रिकामा परत गेला नाही. हे मला त्या वेळी विचित्र वाटलं नाही, आता वाटतं. शेजारणीचा डबा मोकळा पाठवू नये, हे तुझ्या हाडात होतं. ती आपल्याला विष घालते म्हणायचीस आणि तोच डबा घासून, पुसून, त्यात मूठभर बेदाणे घालून माझ्या हातात द्यायचीस. "देऊन या तिला. आणि पाणी पिऊ नका तिथं."

मग तुला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांच्या गोळीनं तू जराशी निवळलीस. त्यांच्याच ओळखीनं ती पोरगी आली, मृणाल. माणसाला संशय का येतो यावर तिचं संशोधन. मी दारातच विचारलं, "म्हणजे येड्यांवर?"

"नाही काका, सगळ्यांवर. बसमध्ये मागं कोणी हसलं की मलाही वाटतं, माझ्यावरच हसले. कोणाचं वाटणं लगेच जातं, कोणाचं घर करून बसतं. का बसतं, ते मला शोधायचंय."

तू तिला आत घेतलंस याचंच मला नवल. नंतर विचारलं तर म्हणालीस, "ती माझ्याकडं तोंड करून बोलते. तुमच्यासारखी भिंतीशी नाय बोलत."

तो बटणांचा खेळ आठवतो? तिनं दोन पिशव्या आणल्या होत्या. एकीत लाल बटणं जास्त आणि निळी थोडी, दुसरीत निळी जास्त आणि लाल थोडी. त्यातली एक तिनं ओढणीखाली लपवून घेतली. म्हणाली, "आजी, मी हिच्यातनं एकेक बटण काढून दाखवते. ही पिशवी कोणती, याची खात्री झाली की सांगा. घाई नाही. पाहिजे तितकी बटणं बघा."

पहिलं बटण लाल निघालं.

"लालवाली," तू म्हणालीस.

"अजून एक बघू या?"

"कशाला? पेटीत एक मणी नासका दिसला की पेटी बाजूला. दुसऱ्याची वाट बघत बसलं तर सगळा माल परदेशातनं बोटीनं परत येतो."

पोरगी खळखळून हसली. "द्राक्षांना बरोबर आहे आजी. पेटी बाजूला काढली तर पेटीला वाईट वाटत नाही."

"माणसाला तरी कुठं वाटतं?" तू म्हणालीस.

तिनं पिशवी उघडली. निळ्या बटणांनी भरलेली. तू पिशवीकडं बघितलंस, मग तिच्या ओढणीकडं. "बदललीस तू," म्हणालीस. मला हसू आलं आणि लगेच विरलंही.

मृणालनं वाद घातला नाही. तिनं सांगितलं, संशय ज्यांच्या मनात मुरलेला असतो त्यांतले बरेच जण असं पटकन ठरवून टाकतात. सगळे नाही. आणि तेवढं एकच कारणही नाही. झोप नसते. एकटं पडलेलं असतं माणूस. काळजी दिवसभर तेच तेच दळत बसते. कान गेलेले असले की कान अर्धं ऐकतात, उरलेलं अर्धं मन आपल्या पदरचं भरतं, आणि मन भ्यालेलं असलं तर ते भीतीच भरतं. "आणि ज्याला एकदा खरंच फसवलं गेलंय," ती म्हणाली, "त्याचं मन पहारा सोडत नाही. त्यात मनाची चूक काय?"

तू माझ्याकडं वळलीस. "ऐकलं का?"

तेवढ्यासाठी मी त्या पोरीचा जन्माचा ऋणी आहे. तुला वेडी न म्हणता तुझं ऐकणारी ती पहिलीच.

पण जाताना तिनं मला ओट्यावर गाठलं. "काका, तुम्ही आधी खाता ना? त्यामुळं आजींना वाटतं, तुम्ही खाल्लं म्हणूनच त्या वाचल्या. तुम्ही आधी न खाता सुद्धा वाचल्या असत्या, हे त्यांना कळणार कसं? टाकीच्या तारेचं पण तेच."

"मग काय उपाशी मारू तिला?"

"नाही. एक घास. त्यांना वाटेल त्या दिवशी, त्यांना वाटेल तो. तुमच्या आधी."

तू कितीतरी दिवस ऐकलं नाहीस. मीही जोर केला नाही. मग ती दुपार आली. शकूनं सांज्याच्या पोळ्या पाठवल्या होत्या. मी ताट घेतलं, तुकडा मोडायला गेलो तर तू माझ्या मनगटावर हात ठेवलास.

"थांबा."

तुकडा तूच मोडलास. हातात धरून बसलीस.  मग डोळे मिटून तोंडात टाकलास. मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो, पहिल्यांदाच उलटं. तू चावलंस. गिळलंस. डोळे उघडलेस.

"गूळ जास्त झालाय तिचा," म्हणालीस.

आणि अख्खी पोळी खाल्लीस.

नंतर तू दारात कोथिंबीर निवडत बसलीस. मी आत जरा पडलो. बाहेर आलो तर तुझी मान खाली गेलेली, काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला, आणि हात मांडीवर. मला वाटलं, डुलकी लागली.

बघायला आलेले डॉक्टर म्हणाले, हृदय. आधीपासून कमजोर होतंच, जिना चढताना धाप लागायची ना त्यांना? लागायची. मला माहीत होतं. पण इंदू, पहिल्यांदाच तू माझ्या आधी शकूच्या हातचं खाल्लंस आणि त्याच दुपारी गेलीस. डॉक्टर बोलत होते आणि माझ्या डोक्यात एकच लाल बटण दिसत होतं.

तेव्हापासून मी काय काय केलं ते तुला सांगतो, तू तरी हसणार नाहीस. मी ओट्यावर गेलो की बायका गप्प होतात. ज्याची बायको मेली त्याच्यासमोर काय बोलायचं म्हणून गप्प होत असतील. मला ते कळतं. तरी मी आत येतो आणि म्हणतो, माझंच चाललंय. झोप तर नाहीच. गच्चीवर जाऊन तार बघून येतो. आता खाली येऊन कोणाला सांगायचं नसतं, तरी तोंडातनं निघतं, "जशी होती तशीच हाये." दहाव्याला रामकुंडावर गुरुजींनी तीर्थ हातावर घातलं, ते मी बोटांतनं गळू दिलं. तेराव्याच्या जेवणात मी फक्त केळं खाल्लं, कारण त्याला साल असते.

आणि एकदा स्वयंपाकघरात वैशाली आणि शकू कुजबुजत होत्या. मी दारात पोचलो तर शकूचं वाक्य कानावर आलं, "बाबांना आत्ताच नको सांगू." मला बघून दोघी भांड्यांना लागल्या.  मुलगीपण? माझ्या पोटची पोरपण?

तेव्हा मला कळलं, तू कुठं राहत होतीस. मी बाहेर उभा राहून तुला म्हणायचो, ये बाहेर, इथं काही नाही. आत काय दिसतं ते आता बघतोय. आतनं सगळं खरं दिसतं गं. खोटं दिसतच नाही काही.

मृणाल भेटायला आली तेव्हा मी तिला विचारलं, "हे लागतं का एकाचं दुसऱ्याला? खरूज लागते तसं?"

तिनं पटकन नाही म्हटलं नाही, बरं वाटलं. म्हणाली, "तसं नाही लागत. पण दोघंच माणसं घरात कोंडून राहिली की एकाची भीती दुसरा शिकतो. त्यात तुम्ही झोपला नाहीत, जेवला नाहीत, आजी गेल्या. अशा वेळी कोणाच्याही मनात संशय येईल. आलाय म्हणून तो राहीलच असं नाही. मात्र झोप अशीच उडाली तर आजींच्याच डॉक्टरांकडं जायचं. मी येते बरोबर."

"आणि पोळीचं?"

ते ऐकून तिचा चेहरा पांढरा पडला. तिनंच सांगितलं होतं ना, एक घास घ्या म्हणून.  मग म्हणाली, "मलापण घरी जाऊन तेच आलं होतं मनात. मी सांगितलं म्हणून आजी गेल्या का, असं. मग मी त्या दिवशीच्या डॉक्टरांकडं जाऊन विचारून आले, ते म्हणाले हृदयच. काका, एका बटणावर पिशवी ठरवू नका. अजून एक काढा."

"कसं काढू?"

"ज्याच्याबद्दल वाटतंय, त्यालाच विचारा."

बोलायला सोपं. मला शकूला विचारायचं होतं, तू माझ्या बायकोला विष घातलंस का? भिंतीला भिंत लावून राहायचंय मला.

काल ती डबा घेऊन आली. मेथी आणि भाकरी. मी दार उघडलं, पण दारातच उभा राहिलो.

"काय ओ दादा, आत येऊ देताय का इथनंच भरवू?"

मी विचारलं, "शकू, त्या दिवशीच्या सांज्याच्या पोळ्या तुमच्याकडं कोणी खाल्ल्या?"

"कोणी म्हणजे? आम्ही सगळ्यांनी. यांनी तर हाणल्या, मग रात्रभर पोट धरून बसले, गूळ जास्त पडला होता माझा..." आणि ती थांबली. तिला कळलं. डबा तिनं उंबऱ्यावर ठेवला, तिथंच खाली बसली. "दादा, तुम्हालापण तसंच वाटायला लागलं का?"

"भीती वाटते."

"माझी?"

"तुझी नाय. माझी."

ती पदरानं तोंड पुसत बसली. मग म्हणाली, "इंदूताईचं मला ठाऊक होतं. टाकीला तार बांधलेली आंधळ्यालापण दिसली असती."

"मग डबा आणायचीस कशाला?"

"रिकामा यायचा नाय ना कधी! माझ्या हातचं विष वाटायचं तिला आणि मला निवडून निवडून बेदाणे पाठवायची, एकाला देठ नसायचा. असल्या बाईला कशी सोडायची, सांगा."

मी लगोलग दुसरंपण विचारून टाकलं. एकदा हात घातलाच आहे पिशवीत, म्हटलं. "वैशाली आणि तू काय कुजबुजत होता?"

"तुम्हाला तिच्या घरी सिन्नरला घेऊन जायचं म्हणते ती, कायमचं. तुम्ही आरडाओरडा कराल म्हणून म्हणलं, आत्ताच नको सांगू."

"मी नाय जाणार."

"तेच सांगितलं मी तिला. म्हणलं, म्हातारा खुंटासारखा हाये, उपटून नेशील तर मरंल."

म्हणजे माझ्यामागं बोलणं चालूच होतं, इंदू. तो मला भास झाला नव्हता. पण पिशवी निळी निघाली.

मग तिनं डबा उघडला, माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "मी खाऊन दाखवू का आधी?"

हो म्हणायला जीभ आतुरली होती. तिनं एक घास खाल्ला असता, मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो असतो, आणि मग जेवलो असतो. किती सोपं. आणि उद्या परत तेच. परवा परत तेच.

मी "नको" म्हणालो. तुकडा मोडला. हातात धरून बसलो, तू बसली होतीस तसा. डोळे मिटले आणि टाकला तोंडात.

"मीठ कमी हाये," म्हणालो.

शकू रडायला लागली. "ठेवलीत नावं एकदाची," म्हणाली.

भीती गेली, असं मी लिहिणार नाही. रात्र काढली, पोटात जरा गुडगुडलं तरी उठून बसत होतो. सकाळी जिवंत होतो. गच्चीवर गेलो नाही. पाय मात्र जिन्यापर्यंत गेले होते. मृणालनं डॉक्टरांची वेळ घेतलीय, जाईन. तुझं कानाचं मशीन कपाटातनं काढून बघितलं, माझ्या कानाला होतं का ते त्यांनाच विचारीन. माझेही आता कमीच ऐकतात.

एक मात्र मला काल घास घेताना कळलं. आजवर मी त्या दुपारचं पुढचं तेवढंच बघत होतो, तू दारात मान टाकलेली. आधीचं विसरलो होतो. इतकी भ्यालेली बाई तू, आणि माझा हात धरून मला मागं सारलंस. मी मरू नये म्हणून. तुला तर वाटतच होतं ना, त्यात विष असेल? तरी घास तू घेतलास, मला घेऊ दिला नाहीस. आणि खाऊन झाल्यावर तोंडातनं काय निघालं तर गूळ जास्त झालाय. अगं, ज्याला विष वाटतं तो गुळाला नावं ठेवत नाही. तू त्या पोळीपुरती तरी सुटली होतीस.

आता मी जेवायला बसतो तेव्हा तुझं तेच तोंड डोळ्यांसमोर धरतो, पोळी चावणारं. मग घास घेतो.

शकूचा डबा घासून, पुसून ठेवलाय. बेदाण्यांची बरणी सापडली, पिठाच्या डब्यामागं. देठ काढत बसलोय, तुझ्यासारखे निघत नाहीत. झाले की नेऊन देतो. आणि तिनं विचारलं, तर पाणीपण पिऊन येतो.